काळे वाटाणे आणि मालनकाकूंच्या कुकरची शिट्टी

सुयोग परबने त्या मंगळवारी ऑफिसात रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असं लिहिलं. खरं कारण ‘काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या’ हे होतं. पण विमा कंपनीतल्या वरिष्ठांना ते झेपलं नसतं.

उसळीसाठी रजा टाकणारा माणूस खादाड असणार असा कुणाचा समज होईल, म्हणून थोडं सांगणं भाग आहे. नाहूरच्या ‘मधुकुंज’ सोसायटीत चौथ्या मजल्यावर सुयोग, त्याची बायको श्रुतिका आणि अडीच वर्षांची प्रांजल राहतात. दुसऱ्या मजल्यावर अक्षता आणि चैतन्य, आणि पहिल्या मजल्यावर सुयोगचा कॉलेजातला मित्र शिवदास आणि त्याची आई, मालनकाकू. संध्याकाळी दमून आल्यावर या तिन्ही घरांत एकाच वेळी तीच ती बटाट्याची भाजी शिजत असते, हे अक्षताच्या एकदा लक्षात आलं. तिने सुचवलं की प्रत्येक घराने आठवड्यातले दोन दिवस तिन्ही घरांचा स्वयंपाक करावा, डबे भरून एकमेकांच्या दारी पोचवावेत, आणि उरलेले चार दिवस आयतं जेवावं. रविवारी ज्याचं त्याने बघावं. कल्पना इतकी झकास होती की चौघापाचांनी ती आपल्यालाच आधी सुचली होती असं सांगितलं.

आता सुयोगने इथे गप्प बसायचं होतं. पण त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की आमच्या घरचा शुक्रवार श्रुतिकाचा आणि मंगळवार माझा. एकट्याचा. श्रुतिका घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे आणि मंगळवारी तिला यायला उशीर होतो. ती नुसतं “बरं” म्हणाली. नवऱ्याच्या घोषणेवर बायको नुसतं “बरं” म्हणते तेव्हा शहाण्या माणसाने सावध व्हावं. सुयोग झाला नाही.

पहिल्या मंगळवारी वरण करपलं. म्हणजे ते आपण होऊन करपलं नाही. प्रांजलने पोळपाट आंघोळीला नेला होता आणि त्याला साबण लावून झाल्यावर ती शाम्पू शोधत होती. तिथून तिला आणि पोळपाटाला बाहेर काढेपर्यंत वरणाचं जे व्हायचं ते झालं. तिन्ही घरांनी त्या दिवशी दहीभात खाल्ला. दुसऱ्या मंगळवारी सुयोगने धोका पत्करला नाही. हॉटेलातून पनीरची भाजी मागवली, घरच्या स्टीलच्या डब्यांत भरली, वर कोथिंबीर भुरभुरवली आणि चेहऱ्यावर थोडा थकवा आणून पोचवली. अक्षता बोटं चाटत वर आली आणि कुणी केलं म्हणून तिने कौतुकाने विचारलं. सुयोग काही बोलायच्या आत प्रांजल म्हणाली, “दादाने आनलं.”

मुलीचं नाव प्रांजल ठेवताना पुढचा विचार करायला हवा होता, असं सुयोगला त्या दिवशी फार वाटलं.

अक्षता हसली नाही, चिडलीही नाही. तिने अगदी प्रेमाने सांगितलं, “तुझ्या मंगळवारी आपण बाहेरूनच मागवत जाऊ ना. तुमच्याकडे लहान मूल आहे यार, आम्हाला कळतं.” टोमणा मारला असता तर सुयोगने तो सहन केला असता, त्याला सवय आहे. पण हा समजूतदारपणा त्याच्या जो जिव्हारी लागला, तो आठवडाभर निघाला नाही. त्यातून चैतन्य पोळ्यासुद्धा स्वतः लाटतो, आणि त्या फुगतात. तिसऱ्या मंगळवारी काहीही झालं तरी तिन्ही घरांना आपल्या हातचं, आणि आपल्या गावचं, गरम जेवण घालायचं असं सुयोगने ठरवलं. नाही जमलं तर आपणच या व्यवस्थेतून बाहेर पडायचं, हेही त्याने मनात नक्की केलं. दुसऱ्यांनी दया म्हणून ठेवून घेतलेला भागीदार होऊन राहायचं नव्हतं त्याला.

सोमवारी त्याने कणकवलीला आईला फोन केला. आईने सगळी कृती सांगितली आणि शेवटी बजावलं, “वाटाणे रात्री भिजत घाल हां. नायतर ते काय शिजूचे नाय. आणि कुकर मोठो घे.”

मोठा कुकर मालनकाकूंकडे होता. शिवदासचे वडील गिरणीत असताना तिथल्या पतपेढीच्या दुकानातून आणलेला. ज्या कंपनीचा तो होता ती कंपनी गिरणीच्याही आधी बंद पडली. काकूंनी तो माळ्यावरून काढून, पुसून सुयोगच्या हवाली केला आणि मुलगी सासरी पाठवताना द्याव्यात तशा सूचना दिल्या. तारेच्या घासणीने घासायचा नाही, झाकण आपटायचं नाही. “आणि शिट्टी जप रे बाबा,” त्या म्हणाल्या. “या माणसाची आठवण आहे माझ्याकडे एवढीच.” भिंतीवरच्या फोटोतले शिवदासचे वडीलही त्या क्षणी सुयोगकडे जरा संशयानेच बघत होते.

मंगळवार उजाडला तो दारावरच्या बेलनेच. पाळणाघराच्या ताई भाचीच्या लग्नाला गेल्यामुळे प्रांजल घरी होती. श्रुतिका सकाळीच गेली. आंबोळ्यांचं पीठ रात्रीतून इतकं फुगलं होतं की पातेल्याचं झाकण वर उचलून ते ओट्यावर उतरलं होतं. ते गोळा करेपर्यंत दूधवाला येऊन गेला. मग कचरा न्यायला माणूस आला. मग कुरिअरवाला आला. प्रांजलचे ऑनलाइन मागवलेले बूट लहान झाले होते आणि त्याला ते परत न्यायचे होते. सुयोगने दारामागे ठेवलेलं पाकीट चिकटपट्टी लावून त्याच्या हातात दिलं. आणि शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतकाका आले.

जयवंतकाका पाचव्या मजल्यावर, सुयोगच्या बरोबर डोक्यावर राहतात. सत्तरी ओलांडली आहे, पालिकेतून निवृत्त झाले आहेत, पण पालिका त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सोबत आणलेली नोटीस आधी स्वतः वाचून दाखवली. सदनिकेत व्यावसायिक स्वरूपाचा स्वयंपाक चालत असल्याचं ‘वासावरून निदर्शनास आलं’ होतं, डब्यांची वाहतूक लिफ्टमधून होत असल्याचं ‘प्रत्यक्ष दिसलं’ होतं, आणि त्याबाबत खुलासा मागवण्यात येत होता. सुयोगने समजावायचा प्रयत्न केला. काकांनी सांगितलं की तोंडी खुलासा चालत नाही, आधी पोच द्या. सुयोग पेन शोधायला आत गेला. घरात लहान मूल असलं की पेन कधीच जागेवर नसतं. ते सोफ्याखाली मिळालं. त्याने सही केली आणि काका गेले.

मग त्याने वाटाणे कुकरमध्ये घातले, पाणी घातलं, झाकण लावलं आणि शिट्टीसाठी हात पुढे केला. ती पाटावर ठेवली होती. पाट होता.

पहिली काही मिनिटं माणूस अशा वेळी शांतपणे शोधतो. सुयोगने ओटा पाहिला, फ्रीज पाहिला, तांदळाच्या डब्यात हात घातला. मग त्याने शोध घेण्याची पद्धत बदलली आणि तो जमिनीवर पालथा झाला. प्रांजलही शेजारी पालथी झाली. तिला हा खेळ आवडला. शेवटी सुयोगने तिला समोर बसवून विचारलं, “बाळा, शिट्टी कुठे आहे?”

“दिली,” प्रांजल म्हणाली.

“कुणाला?”

“दादाला.” असं म्हणून तिने दानधर्म केलेल्या माणसाच्या समाधानाने टाळ्या वाजवल्या.

प्रांजलच्या जगात पुरुषांचे दोनच प्रकार आहेत. एक बाबा, आणि उरलेले सगळे दादा. भाजीवाला दादा, टीव्हीवर बातम्या देणारा दादा, कॅलेंडरवरचा मारुतीसुद्धा दादा. त्यामुळे ही माहिती खरी असूनही तिचा उपयोग बेताचाच होता.

दूधवाल्याने फोनवर सांगितलं की मला शिट्टी दिलेली नाही, पण मागच्या आठवड्यात तुमच्या मुलीने मला एक मोजा दिला होता, तो परत करायचा राहिला आहे. पुढचा संशय कचरेवाल्यावर. सुयोग प्रांजलला कडेवर घेऊन खाली गेला, तर तो माणूस पिंप गेटजवळ ठेवून दुसऱ्या इमारतीत गेला होता. गाडी यायची वेळ झालेली. सुयोगने इकडे तिकडे पाहिलं, शर्टाची बाही वर केली आणि पिंपात हात घातला. कोपरापर्यंत हात आत असताना समोरून भाजीची पिशवी घेऊन मालनकाकू आल्या.

काय रे, काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. सुयोगने सांगितलं की सोसायटीत ओला आणि सुका कचरा नीट वेगळा होतो की नाही ते बघतोय, कुणीतरी लक्ष घालायला हवं. काकूंना फार बरं वाटलं. आजकालच्या मुलांत ही जाणीव राहिली नाही, असं म्हणून त्यांनी उसळ कुठवर आली ते विचारलं. “वाटाणे कुकरमध्ये आहेत,” सुयोग म्हणाला. हे अक्षरशः खरं होतं. प्रांजल काकूंकडे बघून “शिट्टी” म्हणाली. काकूंनी कौतुकाने तोंडाने शिट्टी वाजवून दाखवली आणि त्या आत गेल्या.

पिंपात शिट्टी नव्हती. वर येताना लिफ्टमध्ये शेजारच्या नलिनीताई भेटल्या. नलिनीताईंना खरं सांगणं म्हणजे मालनकाकूंना सांगणं, म्हणून सुयोगने एक छोटीशी धातूची वस्तू सापडत नाहीये एवढंच सांगितलं. नलिनीताईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी प्रांजलचं पोट दाबून पाहिलं. त्यांच्या कांदिवलीच्या भाच्याने लहानपणी नाणं गिळलं होतं आणि ते कळायला घरच्यांना दोन दिवस लागले होते. तुम्ही हिला आधी केळी द्या, त्यांनी सांगितलं, एकामागून एक, आणि मग वाट बघा. एक्सरे काढा. पाणी कमी द्या. नाही, जास्त द्या. सुयोगला पक्कं ठाऊक होतं की ती जुनी, अंगठ्याएवढी जाड शिट्टी प्रांजलच्या तोंडात मावणारच नाही, आणि प्रांजल ‘दिली’ म्हणते म्हणजे दिलीच. तरी घरात येऊन त्याने दुसऱ्या कुकरची शिट्टी तिच्या तोंडासमोर धरून माप घेतलं. ती मावली नाही. प्रांजलने मात्र या निमित्ताने दोन केळी खाल्ली.

ती दुसरी शिट्टी मोठ्या कुकरवर बसते का हेही त्याने बघितलं. ती सैल बसली आणि कलंडली. मुलुंडच्या भांड्यांच्या दुकानात फोन केला, तर दुकानदाराने कंपनीचं नाव ऐकून आपल्या वडिलांना हाक मारली आणि वडिलांनी मागून ओरडून सांगितलं की ती कंपनी आता नाही.

राहिला कुरिअरवाला. सुयोगच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. ते बुटांचं पाकीट दारामागे उघडंच पडलेलं होतं, आणि प्रांजल त्याच्याशी फार जिव्हाळ्याने वागत होती. शिट्टी दादाला दिली म्हणजे पाकिटात घालून दादाला दिली.

त्याने कंपनीच्या ॲपवर जाऊन तक्रार नोंदवायला घेतली. ॲपने कारण निवडायला सांगितलं. वस्तू लहान आहे, वस्तू मोठी आहे, रंग वेगळा आहे, मन बदललं. ‘परत पाठवलेल्या बुटात कुकरची शिट्टी गेली’ असं कारण कुणालाच सुचलं नव्हतं. त्याने ‘मन बदललं’ निवडलं. ॲपने त्याचे आभार मानले आणि मन बदलल्यास नवीन बूट मागवण्याचा सल्ला दिला.

सुयोगने प्रांजलला उचललं, रिक्षा केली आणि तो भांडुपच्या गोदामावर गेला. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये पाकिटांचा डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी एक सुपरवायझर बसला होता. त्याने सभ्यपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की पाकीट स्कॅन झालंय, म्हणजे आता ते तुमचं नाही, कंपनीचं आहे. सुयोगने विचारलं की आतली शिट्टी कुणाची? शिट्टी पाकिटात असेल तर तीही कंपनीची. बरं, मग पाकीट नुसतं दाखवा. दाखवायला हरकत नव्हती. सुयोगने ते हातात घेतलं आणि सहज हलवलं. आत काहीतरी खडखडलं.

“बूट खडखडतात का?” सुयोगने विचारलं.

सुपरवायझरने पाकीट कानाशी नेलं.

विमा कंपनीत काढलेली वर्षं माणसाच्या कधी कामी येतील सांगता येत नाही. सुयोगने आवाज खाली आणून विचारलं की पाकिटात नोंद नसलेली वस्तू आहे असा संशय आला तर तुमच्याकडे काय पद्धत आहे? असणारच काहीतरी. पद्धत होती. अशा वेळी पाकीट पाठवणाऱ्यासमोर आणि कॅमेऱ्यासमोर उघडायचं. सुयोग म्हणाला, मी पाठवणारा, मला माझ्याच पाकिटाचा संशय आहे. सुपरवायझरने क्षणभर विचार केला. नियम मोडला जात नव्हता, उलट पाळला जात होता, आणि अशी संधी त्यालाही रोज मिळत नसावी. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि कात्रीने फाडलं.

डाव्या बुटातून टीव्हीचा रिमोट निघाला. उजव्या बुटातून श्रुतिकाच्या कानातलं एक, लसणीचा गड्डा, अर्धी चकली आणि सुयोगने ज्यासाठी ऑफिसात दंड भरला होता ते त्याचं ओळखपत्र. प्रत्येक वस्तू बाहेर आली की प्रांजल तिचं नाव सांगून ओळख करून देत होती. शिट्टी नव्हती. सुयोगने बूट उलटे करून आपटले. जमिनीवर चकलीचा चुरा पडला.

सुपरवायझरने शांतपणे सांगितलं की वस्तू मूळ स्थितीत नसल्यामुळे बूट परत घेता येणार नाहीत. सुयोग लहान झालेले बूट, रिमोट आणि लसूण घेऊन रिक्षात बसला. प्रांजल त्याच्या मांडीवर झोपली. दुपार कलायला लागली होती. आता अक्षताला फोन करून बाहेरूनच मागवूया म्हणणं अगदी सोपं होतं. त्याने फोन हातात घेतलाही. मग परत खिशात ठेवला. वाटाणे कुकरमध्ये होते, पीठ फुगलेलं होतं, आणि गरज पडली तर ते वाटाणे उघड्या पातेल्यात उद्या सकाळपर्यंत शिजवू, पण फोन करायचा नाही, असं त्याने रिक्षावाल्याला सांगितलं. रिक्षावाल्याने मान डोलावली. भांडुपच्या खड्ड्यांत मान तशीही डोलतेच.

मधुकुंजच्या गेटशी रिक्षा थांबली तेव्हा जयवंतकाका सोसायटीच्या ऑफिसला कुलूप लावत होते. प्रांजल नुकतीच जागी झाली होती. काकांना बघून तिचा चेहरा उजळला. “दादा,” ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. “शिट्टी दे.”

सुयोगने काकांच्या पांढऱ्याशुभ्र केसांकडे पाहिलं. कॅलेंडरवरचा मारुती ज्या मुलीला दादा वाटतो तिला जयवंतकाका कोण वाटणार, हे सकाळीच कळायला हवं होतं.

काकांनी काही लपवलं नाही. त्यांनी कुलूप परत उघडलं, दोघांना आत बसवलं आणि कपाटातून एक पारदर्शक पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत मालनकाकूंची शिट्टी होती. पिशवीला नोटिशीची प्रत टाचलेली होती.

“तुम्ही पेन आणायला आत गेलात तेव्हा आपल्या कन्येने ही स्वेच्छेने सादर केली,” काका म्हणाले. “एवढी मोठी शिट्टी घरगुती कुकरला नसते. म्हणून पुरावा म्हणून ठेवून घेतली. तुमची आहे असं तुमचं म्हणणं आहे का?”

सुयोगला अडचण कळली. माझी म्हणावं तर मोठा कुकर कबूल, मोठा कुकर कबूल तर नोटीस खरी. माझी नाही म्हणावं तर मालनकाकू. त्याने दिवसभरात बरीच सारवासारव केली होती. आता त्याला कंटाळा आला.

“माझी नाही काका, मालनकाकूंची आहे. पण कुकर माझ्या ओट्यावर आहे आणि मी आज तिन्ही घरांचं जेवण करतोय. धंदा नाही. कुणी कुणाला एक पैसा देत नाही.”

“मग तुम्हाला मिळतं काय यातून?” काकांनी विचारलं. त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

सुयोगने मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. तिच्या गालावर केळं वाळलं होतं. “चार संध्याकाळी मिळतात,” तो म्हणाला. “आधी रोज मी किंवा श्रुतिका ओट्याशी असायचो आणि ही आमचा पाय धरून रडत असायची. आता चार दिवस आम्ही दोघं हिच्यासोबत जमिनीवर बसून खेळतो. त्या बदल्यात एक मंगळवार मला नीट निभवायचाय. अजून एकदाही जमला नाहीये.”

काकांनी टेबलावरची पिशवी जवळ ओढली आणि विचारलं, “आज काय करताय?”

“काळ्या वाटाण्याची उसळ. आणि आंबोळ्या.”

जयवंतकाकांनी डोळे मिटले. “भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण?”

“हो. कांदा, खोबरं, धणे.”

“मी देवगडचा,” काका म्हणाले आणि एकदम ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले. “डॉक्टरने सहा महिने खोबरं बंद केलंय, तिखट बंद, तेल बंद. घरात रोज दुधी. तुमच्याकडे काहीतरी परतायला पडतं आणि वास सरळ माझ्या खिडकीत येतो रे. त्या हॉटेलच्या पनीरचा वास मी सहन केला. पण काल तू कसलं तरी वाटण करून बघत होतास. मी रात्री पान टाकून उठलो आणि नोटीस लिहिली.”

एक वाटी वर पाठवतो, अगदी बेताची, असं सुयोग म्हणाला. काकांनी ठाम नकार दिला. एक वाटी आली की दुसरी मागावीशी वाटणार, आणि घरातलं माणूस रोज आपल्यासाठी दुधी खातंय, तिला फसवायचं नाही. त्यांनी पिशवीची गाठ सोडून शिट्टी प्रांजलच्या नव्हे, सुयोगच्या हातात दिली. नोटीस मात्र मागे घेता येत नाही, कारण ती जावक झाली आहे. पण खुलासा द्यायची मुदत वाढवता येते. ती मुदत काका वाढवत राहतील.

“फक्त वाटण भाजायच्या आधी मला फोन करत जा,” ते म्हणाले. “मी फिरायला जाईन.”

“आता लगेचच भाजणार आहे, काका.”

जयवंतकाकांनी कोपऱ्यातली काठी घेतली, ऑफिसला पुन्हा कुलूप लावलं आणि ते खरोखरच गेटबाहेर पडले.

मग सुयोगने जे केलं त्याला स्वयंपाक म्हणण्यापेक्षा चढाई म्हणणं बरं. शिट्टी कुकरवर बसवली. प्रांजलला ओट्यापासून लांब, पातेल्यात बसवून हातात लसूण दिला आणि सोलायला सांगितलं. ती एक पाकळी सोलत सोलत बराच वेळ रमली. खोबरं भाजताना थोडं जास्त लाल झालं. मिक्सरने एकदा झाकण उडवलं आणि छताला धण्यांचा हात लागला. पण वाटाणे मऊ शिजले, उसळीला रंग आला, आणि तव्यावर पहिली आंबोळी सोडली तेव्हा तिला जाळी पडली. दुसरी चिकटली. तिसरी पुन्हा नीट झाली. आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की आंबोळ्या डब्यात घालून पाठवल्या तर खाली पोचेपर्यंत त्यांचा रबर होणार. आता डबे नाहीत, सगळ्यांनी वर या, असा निरोप त्याने पाठवला.

इतक्या आठवड्यांत डबे रोज वरखाली फिरले होते, पण माणसं एकत्र जेवायला बसली नव्हती. हॉलमध्ये सतरंजी घातली गेली. चैतन्य ताटं मांडायला लागला, शिवदासने आल्या आल्या मीठ विचारलं आणि मग म्हणाला की नको, बरोबर आहे. श्रुतिका लॅबमधून आली ती दारातच थबकली. घरात एवढी माणसं आणि सोफ्यावर हरवलेला रिमोट बघून तिला आधी कशाचं आश्चर्य करावं ते कळेना. तिने पर्स ठेवली आणि हात धुतले.

पहिला घास झाल्यावर सुयोगने मालनकाकूंना सगळं सांगितलं. कचऱ्याचं पिंप, लिफ्टमधल्या नलिनीताई, भांडुप, पुराव्याची पिशवी, जयवंतकाकांचं फिरायला जाणं, सगळं. काकूंच्या माणसाची आठवण आपण जवळजवळ गमावली होती, हेही त्याने कबूल केलं.

काकू चावत होत्या ते थांबल्या. “अरे, आठवण कुकर आहे,” त्या म्हणाल्या. “शिट्टी या कुकरची नाहीच. मूळची ह्याने पाच वर्षांचा असताना गॅलरीतून खाली टाकली. ही मी नलिनीकडून आणली. तिच्याकडे अशा जुन्या चार पडल्यात, तिच्या वडिलांचं दुकान होतं ना. तुला लिफ्टमध्ये भेटली होती म्हणतोस, मग तिला विचारायचंस की.”

शिवदासने मान खाली घालून उसळ वाढून घेतली. सुयोग आंबोळी उलटायला आत गेला आणि थोडा वेळ आतच राहिला.

अक्षता ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने तव्यावरची आंबोळी थेट आपल्या ताटात ओढली आणि उभ्या उभ्याच खायला लागली. मंगळवारी बाहेरून मागवायचं ती काही बोलली नाही. आंबोळी संपवून तिने अजून एक मागितली आणि विचारलं, “पुढच्या मंगळवारी काय करतोयस?”

सुयोगच्या केसांत पीठ होतं, बोट भाजलं होतं, कमरेत उसण भरली होती. त्याने उलथणं उचललं.

“कोंबडी-वडे,” तो म्हणाला.

श्रुतिका उठून आत आली, तिने त्याच्या हातातलं उलथणं काढून घेतलं आणि शेवटची आंबोळी त्याच्याच ताटात वाढून त्याला खाली बसवलं.

“जयवंतकाकांना आजच कळव मग,” ती म्हणाली. “त्या दिवशी नुसतं फिरायला जाऊन भागायचं नाही, त्यांना ठाण्याला लेकीकडे मुक्कामाला जावं लागेल.”